एकेक करून वेंचणारा देव

(मंडळींतील अभ्यासवर्गासाठीं शास्त्रपाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : यशया २७:१२–१३, रूथ २, यिर्मया ३१:७–११, एज्रा २, नहेम्या ५, योहान ६:१–१३, इफिसकरांस २:११–२२.
मुख्य वचन : यशया २७:१२.



सुगी आटोपून खळ्यावर धान्याची रास पडली म्हणजे घरधन्याचें सारें लक्ष राशीकडे असतें. शेतांत मागें राहिलेल्या कणसांकडे तो पाहत नाहीं. तीं वेंचावयास येते ती गांवांतील एखादी म्हातारी, एखादी विधवा, अथवा जिला स्वतःचें शेत नाहीं अशी एखादी माउली. ती वांकून एकेक कणीस उचलिते, मातींत पडलेलें असेल तर झाडिते, आणि ओटींत घालिते. ह्यालाच आपण सरवा वेंचणें म्हणतों. आपल्यांतील पुष्कळांच्या आयांनीं व आज्यांनीं हें काम केलें आहे. म्हणून आजचें मुख्य वचन समजण्यास आपणां खेडेगांवच्या लोकांस, शहरांतील पुष्कळ शिकलेल्या लोकांपेक्षां, कमी अडचण पडेल.

देव आपल्या पांगलेल्या लोकांस एकत्र करितो, हा विषय सर्व शास्त्रांत जागोजागीं आढळतो. एका पाठांत तो संपावयाचा नाहीं. यास्तव आज आपण एकच प्रश्न विचारूं : देव आपल्या लोकांस कोणत्या रीतीनें गोळा करितो? आणि त्याची रीत ती आपल्या मंडळीची रीत आहे काय?

१. दोन शब्द

जुन्या कराराच्या इब्री भाषेंत गोळा करणें ह्या अर्थाचा एक शब्द 'काबात्स' हा आहे. योसेफाने मिसर देशांत सुकाळाच्या सात वर्षांत धान्य सांठवावें असें ठरविलें, तेथें हा शब्द आला आहे (उत्पत्ति ४१:३५). यशया, यिर्मया व यहेज्केल हे संदेष्टे पांगलेल्या इस्राएलास एकत्र करण्याविषयीं बोलतात तेव्हां बहुधा हाच शब्द योजितात. हा राशीचा शब्द आहे. तो ऐकला म्हणजे भरलेलीं कोठारें डोळ्यांपुढें येतात.

परंतु यशयाच्या सत्ताविसाव्या अध्यायाच्या शेवटीं दुसरा शब्द आहे. तो 'लाकत' हा होय. हा शब्द आपणांस रूथेच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत पुनःपुन्हां भेटतो. मवाबी विधवा रूथ बवाजाच्या शेतांत कापणी करणारांच्या मागें मागें सरवा वेंचीत गेली, तें तिचें वेंचणें ह्याच शब्दानें सांगितलें आहे. आणखी एक गोष्ट पाहा. संध्याकाळीं रूथेने वेंचलेलीं कणसें झोडून काढिलीं, तेव्हां सुमारें एक एफा जव निघाले. त्या झोडण्याला जो इब्री शब्द आहे तोच यशयाच्या ह्या वचनांतही आहे. संदेष्ट्याच्या म्हणण्याचा आशय असा आहे कीं, फरात नदीच्या प्रवाहापासून मिसराच्या ओढ्यापर्यंत परमेश्वर धान्य झोडील, आणि इस्राएलाचे लोक एकामागून एक असे वेंचले जातील.

आतां नियमशास्त्राची आठवण करा. शेताच्या कडेचें पीक कापूं नये, पडलेला सरवा उचलूं नये, तो गरिबांसाठीं व परक्यांसाठीं राहूं द्यावा, अशी परमेश्वराची आज्ञा होती (लेवीय १९:९–१०). म्हणजे सरवा वेंचणें हें मालकाचें काम नव्हे, तें दरिद्री मनुष्याचें काम. आणि येथें संदेष्टा काय सांगतो? ज्याची सर्व पृथ्वी, ज्याची सर्व रास, तो परमेश्वर स्वतः वांकतो, आणि कापणी करणारांनीं मागें टाकिलेलें एकेक कणीस उचलितो. हा नम्र, वांकलेला देव मनांत ठेवून आपण इस्राएलाचा इतिहास पाहूं.

२. लोक पांगले कसे

इस्राएलाचीं दोन राज्यें होतीं. उत्तरेकडील राज्याची राजधानी शोमरोन ही इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी लोकांच्या हातीं पडली, व तेथील पुष्कळ लोक दूर देशीं नेण्यांत आले (२ राजे १७). दक्षिणेकडील यहूदाचें राज्य त्यापुढें सवाशें वर्षांहून अधिक टिकलें. नंतर बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर ह्यानें इ. स. पू. ५९७ मध्यें यहोयाखीन राजास, तसेंच कारागीर व योद्धे ह्यांस धरून नेलें. पुढें इ. स. पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम व परमेश्वराचें मंदिर हीं जाळून टाकण्यांत आलीं, आणि आणखी लोक बंदिवासांत गेले.

ह्याचें कारण केवळ शत्रूचें बळ असें शास्त्र सांगत नाहीं. यहेज्केल चौतिसावा अध्याय वाचा. परमेश्वराचा राग प्रथम मेंढपाळांवर आहे. त्यांनीं लोंकर पांघरली, पुष्ट मेंढरें खाल्लीं, परंतु आजाऱ्यास बरें केलें नाहीं, मोडलेल्यास पट्टी बांधिली नाहीं, हरवलेल्याचा शोध केला नाहीं. म्हणून कळप डोंगरोडोंगरीं पांगला. शत्रु बाबेलहून येण्यापूर्वींच कळप घरांत पांगला होता. पाळक व उपदेशक ह्यांनीं हा अध्याय वर्षांतून एकदां तरी गुडघे टेकून वाचावा.

३. राजाची गणती व देवाची गणती

बाबेलांत ह्या लोकांचें काय झालें, ह्याविषयीं आतां पुष्कळ माहिती मिळते. त्या देशांत मातीच्या ओल्या विटांवर टोंचून लिहीत व त्या वाळवीत. अशा कांहीं विटांवर राजवाड्याच्या कोठारांतून कोणाला किती तेल दिलें ह्याचा हिशोब आहे. त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन व त्याचे पांच पुत्र ह्यांचा उल्लेख आहे. ह्या विटा वाचून १९३९ सालीं प्रसिद्ध करण्यांत आल्या. आणखी पुष्कळ विटा २०१४ सालीं प्रसिद्ध झाल्या. त्या बंदिवान यहूद्यांच्या खेड्यांतील आहेत. त्यांच्या एका गांवाचें नांवच 'आल-याहूदू', म्हणजे यहूदाचें नगर, असें होतें. ह्या विटांवर आपल्या पूर्वजांच्या देवाचें नांव अंगीं धारण करणारीं माणसें आढळतात : कोणी जमीन कसतो, कोणी जवाचें कर्ज काढितो, कोणी खजूर देणें लागतो.

पाहा, बाबेलच्या राजानेंही लोक गोळाच केले होते. त्यानेंही त्यांचीं नांवें लिहून ठेविलीं होतीं. परंतु कशासाठीं? कोण किती देणें लागतो हें कळावें म्हणून. ह्या जगांत गोळा करण्याची ही एक रीत आहे. त्याच काळच्या लोकांस यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायांत परमेश्वर सांगतो कीं, तो त्यांस नांवानें हांक मारितो, ते त्याचे आहेत, ते त्याच्या दृष्टीनें मोलवान आहेत, आणि पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण ह्या चारही दिशांतून तो त्यांस आणील. एक वही कर्जाची आहे व दुसरी वही प्रीतीची आहे. नांव दोहोंतही असूं शकतें. परंतु कोणत्या वहींत आपला जीव सुरक्षित आहे, हें सांगावयास नको.

४. परतणारांचा तांडा

इ. स. पू. ५३९ मध्यें पारसाचा राजा कोरेश ह्यानें बाबेल घेतलें, आणि त्याच्या पुढील वर्षाच्या सुमारास यहूद्यांस आपल्या देशीं परत जाण्याची मोकळीक झाली (एज्रा १). बाबेलच्या अवशेषांत १८७९ सालीं ह्या कोरेश राजाचा एक मातीचा नळकांडीसारखा लेख सांपडला. तो लंडन येथील ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. निरनिराळ्या ठिकाणच्या लोकांस एकत्र करून त्यांच्या त्यांच्या वस्तीस परत पाठविलें, असें त्यांत तो राजा म्हणतो. त्यांत यहूदाचें नांव नाहीं. तथापि एज्राच्या पुस्तकांतील वर्णनाशीं त्या राजाची ही रीत जुळते. एवढा मोठा राजा, पण परमेश्वराच्या हातीं तो केवळ कापणीचा एक विळा होता.

परत आलेल्या मंडळीची संख्या एज्राच्या दुसऱ्या अध्यायांत ४२,३६० दिली आहे. त्यांशिवाय ७,३३७ दासदासी होत्या. पुष्कळ वाचक हा अध्याय नांवांची यादी म्हणून सोडून देतात. बंधूंनो, सोडूं नका. एकेक करून वेंचणें म्हणजे काय, तें येथें दिसतें. कोणत्या गांवचे किती, हें वेगवेगळें लिहिलें आहे. अनाथोथ गांवचे १२८, हेंही लिहिण्यास लेखक विसरला नाहीं. आणि एकुणसाठावी व साठावी ओवी पाहा. दलाया, तोबीया व नकोदा ह्यांच्या वंशांतील ६५२ माणसें अशीं होतीं कीं, आपण इस्राएलाचे आहों हें त्यांस आपल्या वंशावळीवरून दाखवितां येईना. तरीही तीं निघालीं, आणि त्यांची संख्या यादींत आली. वंशावळ न सांपडलेल्या याजकांस त्या वेळीं सेवेपासून दूर ठेवण्यांत आलें, हें खरें. परंतु ह्या ६५२ जणांस, तुम्ही मागें राहा, असें कोणी सांगितल्याचें शास्त्रांत नाहीं.

यिर्मयानें हा तांडा फार पूर्वीं आपल्या मनश्चक्षूंनीं पाहिला होता (३१:८). त्याला त्यांत कोण दिसले? आंधळे, लंगडे, गरोदर स्त्रिया व बाळंतवेणा लागलेल्या बाया. कोणताही सेनापति असें सैन्य जमविणार नाहीं. ज्या तांड्यांत गरोदर बाई चालते त्या तांड्यास तिच्या पावलांनीं चालावें लागतें. देवाचा तांडा असा आहे. त्याची चाल सर्वांत अशक्त मनुष्यावरून ठरते.

येथें एक सावधगिरीची सूचना. हें वचन प्रथम इस्राएलास दिलें होतें. आपण परराष्ट्रीय लोक ह्या झाडास कलम होऊन लागलों आहों. म्हणून मूळच्या फांद्यांपुढें आपण बढाई मारूं नये असें पौल बजावितो (रोमकरांस ११:१७–१८). आपल्याच कोंकणांत, कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत व तेल गाळीत राहिले. ते शब्बाथ पाळून शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांस शनवार तेली म्हणत. १९४८ सालानंतर त्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं. पांगलेल्या लोकांनीं शेंकडों वर्षें आशा कशी राखावी, हें त्या शेजाऱ्यांकडून आपणांस शिकण्याजोगें आहे.

५. गोळा झालेले पुन्हां पांगतात

लोक परत आले, वेदी बांधिली, मंदिरही इ. स. पू. ५१५ च्या सुमारास पुरें झालें. आतां सर्व कांहीं ठीक झालें असें वाटेल. परंतु नहेम्याचा पांचवा अध्याय वाचा. यरुशलेमाचा कोट बांधण्याचें काम चाललें असतां गरिबांनीं व त्यांच्या स्त्रियांनीं मोठा आक्रोश केला. दुष्काळांत धान्यासाठीं त्यांनीं शेतें, द्राक्षमळे व घरें गहाण टाकिलीं होतीं. राजाचा कर भरण्यास कर्ज काढिलें होतें. मुलें व मुली दास्यांत दिल्या होत्या. आणि सावकार कोण? कोणी परका नव्हे, त्यांचेच भाऊबंद.

नहेम्या संतापला. विदेश्यांस विकलेल्या आपल्या भावांस आम्हीं सोडवून आणिलें, आणि तुम्ही त्यांस पुन्हां विकतां काय, असा त्याचा प्रश्न होता. त्यावर त्यांस उत्तर सुचलें नाहीं. दगडांचा कोट वर चढत होता आणि बंधुत्व खालीं ढांसळत होतें. नहेम्यानें शेतें, घरें व व्याज परत करविलें. तेव्हां ती खरी मंडळी झाली. ह्यावरून शिकावें कीं, एका गांवांत राहणें, एका मंदिरांत बसणें, एवढ्यानें लोक एकत्र होत नाहींत. भावाच्या भुकेवर जो आपली रास वाढवितो तो मंदिरांत बसूनही कळप पांगवितो.

६. प्रभूचा हात

आतां आपण प्रभु येशूकडे येऊं. लोकसमुदाय पाहून त्याला कळवळा आला, कारण ते मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे गांजलेले व पांगलेले होते (मत्तय ९:३६). त्यानें डोंगरावर पांच हजारांस जेवूं घातलें. सर्व तृप्त झाले, आणि मग त्यानें शिष्यांस एक आज्ञा केली : उरलेले तुकडे गोळा करा, कांहीं फुकट जाऊं नये (योहान ६:१२). ज्यानें पांच भाकरींतून हजारोंचें पोट भरलें त्याला तुकड्यांची काय गरज? परंतु तो आपल्या पित्यासारखा आहे. सरवा वेंचिल्यावांचून त्याला राहवत नाहीं. बारा टोपल्या भरल्या. त्याच अध्यायांत पुढें तो सांगतो कीं, पित्यानें त्याला जे दिले आहेत त्यांतून त्यानें कांहींही हरवूं नये, ही पित्याची इच्छा आहे (६:३९). भाकरीच्या तुकड्यांविषयीं ज्याला इतकी काळजी, तो माणसांविषयीं निष्काळजी कसा होईल?

आणि हें गोळा करणें त्याला फुकट पडलें नाहीं. येशू केवळ त्या राष्ट्रासाठींच नव्हे, तर देवाच्या पांगलेल्या मुलांस एकत्र करण्यासाठीं मरणार होता, असें योहान लिहितो (११:५२). सरवा वेंचणाऱ्या बाईच्या हातांस धसकटें लागतात. आमच्या प्रभूच्या हातांस खिळे लागले.

ह्या मरणानें काय झालें? पौल म्हणतो कीं, मधली आडभिंत पाडली गेली (इफिसकरांस २:१४). यरुशलेमाच्या मंदिराच्या आवारांत खरोखरच एक कठडा होता. त्यापलीकडे परराष्ट्रीय मनुष्यानें पाऊल टाकूं नये, टाकिल्यास आपल्या मरणाला तोच कारण होईल, अशा अर्थाचे ग्रीक भाषेंतील दगडी लेख त्यावर लाविले होते. त्यांपैकीं एक शिळा १८७१ सालीं यरुशलेमांत सांपडली. ती इस्तंबूल येथील संग्रहालयांत ठेविलेली आहे. तो दगड आतां कोणालाही अडवीत नाहीं. परंतु दगड पडले तरी मनांतील कठडे उभे राहतात, हें आपण जाणतों.

७. आमच्या मंडळीचें पुस्तक

येथें मला माझाच एक दोष सांगावयाचा आहे. माझ्या पहिल्या मंडळींत, कोरडवाहू मुलखांतील एका खेड्यांत, दिवाळी झाली म्हणजे निम्म्या घरांस कुलुपें लागत. लोक उचल घेऊन ऊसतोडणीस जात, ते चैत्रांत परतत. मी सेमिनरींतून नुकताच आलेला, हिशोबांत चोख. वार्षिक अहवालांत हजेरी स्वच्छ दिसावी म्हणून मीं अकरा कुटुंबांपुढें प्रथम 'गैरहजर' असें लिहिलें, आणि दुसऱ्या वर्षीं त्यांच्या नांवांवर रेघ ओढिली. मला त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं.

एके संध्याकाळीं एक वृद्ध विधवा माझ्या ओट्यावर आली. मुलगा व सून तोडणीवर गेलीं होतीं, आणि ती दोन नातवंडांस संभाळून मागें राहिली होती. तिला ही गोष्ट कोणाकडून तरी कळली होती. ती म्हणाली, "पाळकसाहेब, ते पुस्तक दावा." तिला वाचतां येत नव्हतें. मीं पान उघडून दाखविलें. तिनें त्या रेघेवर बोट ठेविलें आणि विचारलें, "ही रेघ माझ्या लेकावर हाय का?"

"होय, आजी," मीं म्हटलें.

ती थोडा वेळ उगी राहिली. मग म्हणाली, "मुकादमाच्या वहींत माझ्या लेकाचं नांव हाय. उचल फिटली न्हाई, म्हनून त्यो खोडत न्हाई. देवाच्या वहींतनं मातुर तुम्हीं खोडलं."

बंधूंनो, मीं यहेज्केल चौतिसावरून उपदेश केला होता, परीक्षेंत त्यावर उत्तरही लिहिलें होतें; परंतु त्या संध्याकाळपर्यंत तो अध्याय मीं वाचलाच नव्हता, असें मला वाटलें. मीं तिची क्षमा मागितली, आणि तिच्यादेखत तीं नांवें पुन्हां लिहिलीं.

पुढच्या मोसमांत मी त्यांच्या तळावर गेलों. साखर कारखान्याजवळ उसाच्या पाचटाच्या कोपी उभ्या होत्या. दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणें, रात्रीं गाडी येईल तेव्हां भरणी. उपासनेसाठीं ठराविक वेळ मिळणें कठीण. एक बहीण आठवा महिना लागलेला असतां डोक्यावर मोळी वाहत होती. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायांतील ती आठवी ओवी तेव्हां मला मुखोद्गत होती, परंतु तिच्याकडे पाहून ती म्हणण्याचें धैर्य मला झालें नाहीं. मीं तिची मोळी उचलूं लागलों, एवढेंच.

तेथें आणखी एक गोष्ट पाहिली. आमच्या मंडळींत दोन निरनिराळ्या जातींतून आलेलीं कुटुंबें होतीं. गांवच्या मंदिरांत तीं दोन बाजूंस दोन सतरंज्यांवर बसत, आणि प्रभुभोजनाचा प्याला आधीं कोणाकडे जावा ह्याची एक न लिहिलेली रीत होती. मलाही ती ठाऊक होती व मींही ती पाळीत होतों. तळावर मात्र तींच कुटुंबें एका चुलीवरची भाकर खात होतीं. कोपी लहान, जळण थोडें. वेगळी चूल कोण मांडणार? जें मला मंदिरांत साधलें नव्हतें तें देवानें पाचटाच्या कोपींत केलें होतें. त्या रात्रीं बाजरीच्या भाकरीवर प्रार्थना करितांना मला वाटलें कीं, अनेक शेतांतले दाणे एका जात्यांतून निघून एक भाकर होते, आणि मग कोणता दाणा कोणत्या शेतांतला, हें कोणीही निवडूं शकत नाहीं.

ते परतल्यावर पहिल्या प्रभुभोजनाच्या दिवशीं मीं दोन्ही सतरंज्या उचलून एकच मोठी अंथरली. कांहीं लोक दारांत उभे राहिले. दोन घरें त्या दिवशीं आलीं नाहींत, व पुढें बरेच महिने आलीं नाहींत. त्यांच्या दारीं मला पुष्कळदां जावें लागलें. तींही कणसें वेंचावयाचींच होतीं. एक घर आलें. दुसऱ्याची मी अद्याप प्रार्थनेंत आठवण करितों.

१९७० सालच्या नोव्हेंबराच्या २९ तारखेस आपल्या नागपुरांत सहा मंडळ्या एकत्र होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. तें मोठें काम होतें, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानावे. परंतु मोठ्या सभांनीं केलेली एकी खेड्यांतील सतरंजीपर्यंत पोंचली नाहीं, तर ती कागदावरच राहते. जो माझ्याबरोबर गोळा करीत नाहीं तो पांगवितो, अशा आशयाचें प्रभूचें बोलणें मत्तयाच्या बाराव्या अध्यायाच्या तिसाव्या ओवींत आहे. मधली जागा त्यानें ठेविली नाहीं.

८. उपदेशकांसाठीं चार सूचना

पहिली : पोटासाठीं जे गांव सोडून जातात त्यांचीं नांवें पुस्तकांतून कधीं खोडूं नका. त्यांच्यासाठीं वेगळें पान करा. कोण कोणत्या कारखान्यावर, कोण मुंबईस, कोण पुण्यास, हें तेथें लिहा. आणि प्रत्येक रविवारीं त्यांतील दोन-तीन घरांसाठीं नांव घेऊन प्रार्थना करा.

दुसरी : निघण्यापूर्वींच्या रविवारीं त्यांस पुढें बोलावून त्यांच्यासाठीं प्रार्थना करा, आणि जवळपासच्या मंडळीच्या पाळकांस चिठ्ठी द्या. पौलानें फीबी बहिणीसाठीं रोमच्या मंडळीस असेंच लिहिलें होतें (रोमकरांस १६:१–२). आतां बहुतेकांपाशीं मोबाइल आहे. आठवड्यांतून एकदां फोन करण्यास किती वेळ लागतो?

तिसरी : मागें राहिलेलीं म्हातारीं माणसें व मुलें हीं मंडळीचीं आहेत. त्यांच्या घरांत चूल पेटली कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं कोणास तरी नेमा. मूल शाळेंतून गळालें तर तें कणीस मातींत गेलें असें समजा.

चौथी : रुसून गेलेले, लाजेनें न येणारे, पापांत पडलेले, ह्यांच्याकडे एकदां जाऊन थांबूं नका. सरवा एका फेरींत संपत नाहीं. रूथ सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेतांत होती.

मंडळी लहान आहे म्हणून खिन्न होऊं नका. शंभरांतील नव्याण्णव सोडून एकाच्या मागें जाणारा तो आपला मेंढपाळ आहे (लूक १५:४). त्याच्या हिशोबांत एक हा आंकडा लहान नाहीं.

वर्गांत विचारण्याजोगे प्रश्न

१. 'काबात्स' व 'लाकत' ह्या दोन शब्दांत काय फरक आहे? देवाविषयीं दुसरा शब्द आपणांस काय शिकवितो?
२. बाबेलच्या राजाची गणती व देवाची गणती ह्यांत भेद कोणता?
३. एज्रा २:५९–६० मधील ६५२ जण कोण होते? आपल्या मंडळींत त्यांच्यासारखे कोण आहेत?
४. यिर्मया ३१:८ प्रमाणें देवाच्या तांड्याची चाल कोणावरून ठरते? आपल्या मंडळीची चाल कोणावरून ठरते?
५. नहेम्याच्या काळीं कोट चढत असतां बंधुत्व कां ढांसळलें?
६. आपल्या गांवांतून बाहेर गेलेल्या एका तरी कुटुंबाचें नांव सांगा. ह्या आठवड्यांत त्यांच्यासाठीं आपण काय करणार?

प्रार्थना

हे प्रभो, आमच्या मेंढपाळा, कोणी आम्हांस वेंचलें नसतें तेव्हां तूं वांकून आम्हांस उचललेंस, ह्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानितों. ज्या भावांवर आम्हीं रेघ ओढिली त्यांचीं नांवें आम्हांस पुन्हां लिहावयास लाव. आमच्या मनांतील कठडे मोड. आज जे उसाच्या फडांत, वीटभट्टीवर व परक्या शहरांत आहेत त्यांच्याजवळ तूं ऐस, आणि आम्हांस त्यांच्याकडे पाठीव. मोठा कर्णा वाजेल त्या दिवशीं आमच्या गांवचें एकही कणीस शेतांत पडून राहूं नये, अशी तुझी कृपा असो. येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.